चार नंबरच्या बेडची वही

बुधवार, ६ तारीख

बाबा,

शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा वर 'तीर्थरूप' आणि खाली 'आपली आज्ञाधारक' लिहायचं होतं. दोन्हीचा मिळून एक मार्क. मी दोन्ही लिहीत नाहीये. कापा मार्क.

ही वही थोरल्या सिस्टरांनी दिली. इथल्या सगळ्या सिस्टरांमध्ये त्या जुन्या, म्हणून डॉक्टरसुद्धा त्यांना थोरल्या सिस्टर म्हणतात. त्या म्हणाल्या, आयसीयूत गुंगीत ठेवलेल्या माणसाला जाग आली की मधले दिवस सापडत नाहीत. कुणाला वाटतं आपल्याला बांधून पळवून नेलं होतं, कुणाला वाटतं आपण पाण्याखाली होतो. म्हणून घरच्यांनी रोज थोडं लिहायचं, त्यालाच पत्र लिहिल्यासारखं, की आज तुमचं असं असं झालं. बरा होऊन जाताना वही त्याच्या हातात द्यायची. मागच्या पानांवर सिस्टर लोक दोन-दोन ओळी लिहिणार, पुढून मी. तुझं आम्ही वाचत नाही, असंही म्हणाल्या.

मी मान हलवली. त्याआधी त्या मला सांगत होत्या की काकांच्या कानाशी बोल, घरचा आवाज ऐकू दे त्यांना. मी अर्धा तास बेडजवळ उभी राहिले आणि तोंडातून काही आलं नाही. त्यांना वाटलं पोरगी लाजते. लाजते हे खरंच. हाताची घडी तोंडावर बोट हे अख्ख्या वर्गात मी एकटीनेच मनापासून पाळलं. पण तुमच्याशी न बोलण्याचं कारण ते नाही. आपल्या अबोल्याला चौदा महिने झाले. तुम्हाला आठवत असेलच, नसेल तर पुढे लिहीन.

तर झालं ते असं. चार दिवस ताप होता तुम्हाला. साधा खोकला आहे असं तुम्ही भिंतीकडे बघून म्हणायचात, कारण माझ्याकडे बघून म्हणायची सोय नव्हती. सोमवारी सकाळी मोरीतल्या स्टुलावर बसलेले दिसलात, ओठ जांभळे, श्वास कुत्र्यासारखा. मी शेजारच्या काकूंकडे पळाले. तिथेही बोलता आलं नाही, त्यांची बाही धरून ओढत आणलं. अँब्युलन्समध्ये त्या माणसाने तुमचं घड्याळ, चष्मा, सगळं काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. दुपारपर्यंत तुमच्या तोंडातून नळी घातली होती आणि शेजारचं मशीन तुमच्यासाठी श्वास घेत होतं.

बेड नंबर चार. डोक्याकडून उचललेला ठेवतात, पोटातलं वर येऊन छातीत जाऊ नये म्हणून. तोंडात पट्टीने अडकवलेली नळी, नाकात एक, मानेत एक, खाली लघवीची पिशवी. डोळ्यांत मलम घालतात, पापणी अर्धी उघडी राहून कोरडं पडतं म्हणून. आणि हात लावायच्या आधी दर वेळी सांगतात. काका, तोंड साफ करते हं. काका, कफ काढते, खोकला येईल. गुंगीतल्या माणसाला. तुम्ही जाग्या माणसांना कधी काही सांगून केलं नाहीत.

शुक्रवार, ८ तारीख

बाबा,

भेटायची वेळ अकरा ते बारा आणि पाच ते सहा आहे. पण मी कुणाला काही विचारत नाही, रडत नाही, फोनवर बोलत नाही, म्हणून थोरल्या सिस्टर मला दिवसभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू देतात. म्हणाल्या, असे नातेवाईक सरकारने वाटायला पाहिजेत.

आत्या रोज पाचला येते. तुमच्या पायाला हात लावते, पदराने डोळे पुसते आणि मग बाहेर येऊन मला म्हणते, काय गं, मूग गिळून बसलीस, दोन शब्द बोल की बापाशी. मी मान हलवते.

आज मी एक गोष्ट बघितली. रोजच होते, पण मला आज कळली. दर दोन तासांनी तुमची कूस बदलतात. आधी डावीकडे, मग पाठीवर, मग उजवीकडे. दोघी जणी लागतात, एक नळी धरते. चादरीवरून ओढत नाहीत, उचलून सरकवतात. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. आणि बदलताना पाठ बघतात. लाल दिसलं की बोटाने दाबतात, पांढरं होतंय का बघतात, आणि कागदावर वेळ लिहितात.

मी थोरल्या सिस्टरांना विचारलं, हे कशासाठी. त्या म्हणाल्या, एका अंगावर पडून राहिलं की हाडाखालचं मांस मरतं. जखम होते. म्हणून दोन तास.

दोन तास. एवढंच.

आई दीड वर्ष पलंगावर होती. तिचं अर्धं अंग गेलं तेव्हा मी नववीत होते. तुम्ही म्हणालात बाई कशाला ठेवायची, घरात पोरगी आहे ना. मी शाळा सोडली. कुणी सोडवली नाही, आपोआप सुटली असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मी तिला सकाळी पुसायची, पावडर लावायची आणि उताणी ठेवायची, कारण उताणी असली की तिला खिडकी दिसायची. मला वाटायचं मी तिच्यासाठी चांगलं करतेय. माकडहाडावर जखम झाली ती आधी रुपयाएवढी होती. शेवटी माझी मूठ गेली असती. वास यायचा म्हणून तुम्ही दारातूनच विचारायचात, जेवली का.

घरी डॉक्टर यायचे, इंजेक्शन द्यायला कंपाउंडर यायचा, आत्या दोनदा आली. सगळे नाकाला रुमाल लावून मला म्हणायचे, किती करतेस गं आईचं. दोन तासांचं कुणीच सांगितलं नाही.

तुमची पाठ मी आज बघितली. स्वच्छ आहे. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

रविवार, १० तारीख

बाबा,

सकाळी तुमचं गुंगीचं औषध बंद करतात. माणूस किती जागा होतो ते बघायला. सांगितलेलं करायला लागला, छाती बरी असली, की तोंडातली नळी काढता येते.

तुमची छाती सुधारतेय. डॉक्टरांनी फोटो बघितला. पण जागे झालात की तुम्ही घाबरता. डोळे भिरभिरतात, हात थेट नळीकडे जातो, म्हणून मनगटांना मऊ पट्ट्या बांधून त्या बेडच्या कडेला अडकवल्यात. सिस्टर म्हणतात, काका, हात दाबा. तुम्ही छताकडे बघता. काका, दोन बोटं दाखवा. तुम्ही झटके देता. नाडी वाढते, अलार्म वाजतो, परत गुंगी. कालही असंच, आजही असंच.

ड्यूटी बदलताना दोन्ही सिस्टर तुमच्या बेडशी येतात. एक सांगते, दुसरी ऐकते आणि डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक नळीवरून हात फिरवत कुठली नळी कुठल्या पंपाला जाते ते बघते. आत्या म्हणाली, काय सारखं चाचपतात. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, कानाने घेतलेलं विसरतं, हाताने घेतलेलं विसरत नाही. शेवटी एक यादी वाचतात. कवळी, नाही. चष्मा, आहे, मुलीने आणून दिला. कानाचं मशीन, नाही.

ही यादी मी आतापर्यंत चौदा वेळा ऐकली.

कानाचं मशीन माझ्या खिशात आहे.

पहिल्या दिवशी सिस्टर फॉर्म भरत होत्या. कवळी, मशीन, कसली अ‍ॅलर्जी. आत्या नुकतीच पोचली होती, तिने मला बोलूच दिलं नाही. छे छे, काही नाही, ठणठणीत माणूस माझा भाऊ. तिला माहीतच नाही. तुम्ही सत्तावीस वर्षं पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर काढलीत, डावा कान पार मेला, उजवा मशीनवर चालतो, पण बहिणीपुढे कमीपणा नको म्हणून ती येणार असली की तुम्ही मशीन काढून ठेवायचात आणि ती काय म्हणेल त्याला हसायचात. तिला वाटतं भाऊ किती शांत झालाय.

मी तेव्हा बोलले नाही कारण मला चारचौघांत बोलता येत नाही. तो पहिला दिवस. बाकीच्या दिवसांचं ते कारण नाही.

तुम्हाला आठवतं की नाही ते मला माहीत नाही, म्हणून लिहिते. आई जाऊन महिना झाला होता. मी एकटीच शाळेत जाऊन आले होते. मुख्याध्यापक म्हणाले होते, वर्ष गेलं तरी चालेल, बसवून घेऊ. तुम्ही जेवत होतात. मी नऊ वाक्यं पाठ केली होती, भांडी घासताना, आठवडाभर. आयुष्यात एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. पहिलं वाक्य, मला तुम्हाला काही सांगायचंय. दुसरं, आईचं होतं तोवर मी काही म्हणाले नाही. तिसरं, मला परत शाळेत जायचंय.

तुम्ही कानातून मशीन काढलंत. ताटाशेजारी ठेवलंत. आणि जेवत राहिलात.

उरलेली सहा वाक्यं माझ्या तोंडात होती. मी तुमचं ताट उचललं आणि मोरीत नेलं. तेव्हापासून मी तुमच्याशी बोललेले नाही. पण मशीनचा सेल दर दहा दिवसांनी मीच बदलत होते, तुमच्या ताटाशेजारी ठेवत होते. ते कोण करतं असं तुम्हाला कधी वाटलं का?

आता ते माझ्या खिशात आहे. सेलचं झाकण उघडं ठेवलंय, फुकट संपू नये म्हणून. म्हणजे मला ते द्यायचंच आहे असं मी स्वतःला सांगते. रोज सकाळी सिस्टर तुमच्या कानाशी ओरडतात आणि तुम्ही छताकडे बघता, आणि मी स्टुलावर बसून खिशात हात घालून म्हणते, बघा आता कसं वाटतं.

मंगळवार, १२ तारीख

बाबा,

आज डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेतलं. मीही मागे उभी होते. ते म्हणाले, चार दिवस झाले, गुंगी बंद केली तरी सांगितलेलं काहीच करत नाहीत. पहिल्या दिवशी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल. डोक्याच्या फोटोत खास काही नाही, पण फोटोत सगळं दिसतंच असं नाही. असा माणूस नळी काढली तर स्वतःचा कफ काढू शकेल याची खात्री नाही. गुरुवारी ठरवावं लागेल. एक तर घशाला भोक पाडून तिथून नळी घालायची आणि महिनोन्महिने बघायचं. नाही तर आहे तेवढंच चालू ठेवायचं, वाढवायचं काही नाही, आणि जे होईल ते होऊ द्यायचं.

आत्या म्हणाली, त्याला असं पडून राहणं सोसायचं नाही. आमची वहिनी दीड वर्ष पडली होती, बघितलंय सगळं आम्ही.

दोन दुपारी बघितलं होतं तिने. चहा घेऊन.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं. मी खिशात हात घातला. आत्या म्हणाली, तिला काय विचारता, लहान आहे, तिचं तोंड आम्हीच कधी बघितलं नाही उघडलेलं.

दुपारी थोरल्या सिस्टर तुमचं तोंड साफ करत होत्या. दातांच्या मागे, गालाच्या आत, जिभेवर, बाळाचं करतात तसं. मध्येच थांबल्या. इथल्या नव्या मुलींना त्या एकच गोष्ट शिकवतात, आधी माणूस बघायचा, मग मॉनिटर. तशा त्या तुमच्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, काकांना ऐकायला कमी येतं का गं? उजवीकडून मोठ्याने बोललं की भुवई हलल्यासारखी वाटते मला.

मी मान हलवली. नाही अशी.

हे मी स्वच्छ अक्षरात लिहितेय. आत्याने नाही म्हटलं ते तिला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं तेव्हा माझी बोटं खिशात त्याच्यावरच होती.

बुधवार, १३ तारीख

बाबा,

आज सकाळी एक सिस्टर कमी होती. कूस बदलताना थोरल्या सिस्टर मला म्हणाल्या, ये, उशी धर. मला ते येतं हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. मी उशी धरली, तुमचे गुडघे दुमडले, टाचांखालची घडी नीट केली. त्या बघत होत्या. कुणाचं केलंस, म्हणाल्या.

मी म्हणाले, आईचं. मग म्हणाले, तिला जखम झाली होती. मग सगळंच बाहेर आलं. पावडर, खिडकी, रुपया, मूठ. मी त्यांच्याशी एवढं बोलेन असं मला वाटलं नव्हतं, त्यांनाही नसेल. त्या काम करत होत्या, चादरीची सुरकुती काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू चुकली नाहीस, बाळ. तुला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं आणि ज्याने सांगितलं नाही, तो चुकला."

त्या कंपाउंडरबद्दल बोलत होत्या. डॉक्टरबद्दल असेल. पण त्यांच्यासमोर उभी कोण होती हे त्यांना माहीत नव्हतं.

मी खिशातून मशीन काढून तळहातावर धरलं.

त्यांनी ते बघितलं. झाकण उघडं आहे हेही बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणाले, पहिल्या दिवसापासून. त्यांनी चादरीची कड गादीखाली सारली. मग म्हणाल्या, "हात धू आधी."

मी कोपरापर्यंत धुतले. त्यांनी मशीन स्पिरिटने पुसलं. मी सेलचं झाकण लावलं आणि तुमच्या उजव्या कानात बसवलं. शिट्टी वाजली, मी थोडं फिरवलं, थांबली. त्या म्हणाल्या, बोल. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, मी नाही बोलणार, माझा आवाज त्यांना ओळखीचा नाही.

चौदा महिन्यांनी मी म्हणाले, "बाबा."

तुमचे डोळे फिरायचे थांबले. छतावरून खाली आले, सिस्टरांवर गेले, मग माझ्यावर. मी म्हणाले, हात दाबा. तुम्ही दाबलात. एवढ्या जोरात की माझी करंगळी दुखतेय अजून. दोन बोटं दाखवा. दाखवलीत. उजवा पाय. हलवलात. डावा. हलवलात. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला परत सगळं बोलायला लावलं आणि तुम्ही परत सगळं केलंत. ते म्हणाले, मग काल का नाही? थोरल्या सिस्टर म्हणाल्या, काल कान नव्हते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता पुढचं. हे मी लिहिलं नाही तर कुणालाच कळणार नाही, कारण तुम्ही काही सांगणार नाही.

सहा नंबरच्या बेडचा अलार्म वाजला, सगळे तिकडे गेले. तुम्ही आणि मी. तुमच्या कानात मशीन, तोंडात नळी, दोन्ही मनगटं बांधलेली. तुम्ही पूर्ण जागे होतात आणि माझ्याकडे बघत होतात. मला माहीत होतं की अशी वेळ मला परत मिळणार नाही.

मी वाकले आणि चौथ्या वाक्यापासून सुरुवात केली.

आईचं सगळं मी केलं, तुम्ही एकदाही नाही. मी वर्गात मागे नव्हते. मुख्याध्यापक अजूनही घ्यायला तयार आहेत. मला तुमचा स्वयंपाक करायचा आहे, पण फक्त तेवढंच करायचं नाही. मला आई झाल्यासारखं वाटतं आणि मी तुमची मुलगी आहे. तुम्ही हो म्हणा, मी परत काही मागणार नाही.

पाचव्या वाक्याला तुमचा उजवा हात उठला. पट्टी ताणली गेली. हात नळीकडे जात नव्हता, बाबा. रोज जातो तो नळीकडे, मी शनिवारपासून बघितलंय. आज तो कानाकडे जात होता.

मी थांबले नाही. सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलले. मला बरं वाटलं. हे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, मला फार बरं वाटलं. नाडी ब्याण्णववरून एकशे चोवीसवर गेली, आकडा लाल झाला, मी नववं वाक्य पूर्ण केलं.

थोरल्या सिस्टर आल्या. आधी तुमच्याकडे बघितलं, मग तुमच्या मनगटाकडे, मग मॉनिटरकडे, मग माझ्याकडे. काय बोललीस? मी म्हणाले, शाळेचं. त्यांनी तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि श्वास सावकाश घ्यायला सांगितलं. तुम्ही घेतलात. मग मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही. "नळी निघाल्यावर बोल," म्हणाल्या. "माणसाला उत्तर देता आलं पाहिजे. नाही तर तो मार झाला."

मी स्टुलावर जाऊन बसले. तुम्हीही मला उत्तर देऊ दिलं नव्हतं, असं मी मनात म्हणाले. पण मनात म्हटलेलं इथे कुणी ऐकत नाही.

मागच्या पानावर त्यांनी लिहिलंय, 'आज मुलीच्या आवाजाला काकांनी हात दाबला. छान प्रगती.' एवढंच. काय लिहायचं नाही ते त्यांनाही कळतं.

शुक्रवार, १५ तारीख

बाबा,

काल सकाळी नळी निघाली. गुरुवार होता, तुमचं ठरवायचा दिवस. आत्या परवा आली नव्हती, तिला काही माहीत नव्हतं; ती ठरवायच्या तयारीने नवीन साडी नेसून आली होती आणि तुम्ही बसलेले दिसलात.

तुमचा पहिला शब्द 'पाणी'. दिलं नाही, गिळता येतंय का ते आधी बघतात. ओल्या कापसाने ओठ पुसले. दुसरं बोललात ते आत्याला, घोगऱ्या आवाजात, कधी आलीस. ती रडली. मग तिला दिसलं. हे काय अडकवलंय रे कानात? तुम्ही म्हणालात, इथेच बसवलं, तापाने कान गेला.

मरणाच्या दारातून आल्यावर दोन तासांत.

आणि माझ्याकडे बघितलंत. मी तुमची चादर सारखी केली. थोरल्या सिस्टर पंपाचा आकडा बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या असं मला वाटतं.

नंतर मी त्यांना विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय लागतं. खूप वेळ लावून विचारलं. त्या म्हणाल्या, दहावी, बारावी, मग कॉलेज. नववीवर इथे फरशी पुसायला घेतात फक्त. माझं तोंड बघून म्हणाल्या, गोड बोलू का तुझ्याशी? बाहेरून दहावीला बसता येतं, फॉर्म निघालेत, विचार जाऊन. आणि मग म्हणाल्या, मशीन नऊ दिवस खिशात ठेवलंस ते मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस. विसरणाऱ्या मुली मला इथे नकोत.

मंगळवार, १९ तारीख

बाबा,

तुम्ही आता साध्या वॉर्डात आहात. खिडकीजवळचा बेड. हात मोकळे आहेत, स्वतः जेवता, काठी धरून मोरीपर्यंत जाता. उद्या-परवा घरी सोडतील.

काल दुपारी आत्या खाली गेली होती. तुम्ही टेकून बसला होतात. मशीन कानात होतं, सेल मी सकाळीच नवीन घातला होता. मी स्टूल उजव्या बाजूला घेतलं. सिस्टर म्हणाल्या होत्या तसं, उत्तर देता येईल तेव्हा. नऊ वाक्यं नव्हती या वेळी. दोनच होती. मी म्हणाले, "बाबा, मी बाहेरून दहावीला बसणार आहे. सकाळी शिकवणीला जाईन, दुपारी घरचं करीन."

तुम्ही ऐकलंत. ऐकलंत हे मला माहीत आहे, कारण तुमचे ओठ 'दहावी' असे हलले.

मग तुम्ही हात वर नेलात. अजून कापतो तो. पहिल्यांदा गालाला लागला, दुसऱ्यांदा निसटलं, तिसऱ्यांदा जमलं. मशीन काढलंत, ट्रेवर पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवलंत आणि खिडकीतून बाहेर बघायला लागलात.

थोरल्या सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणतील, शिट्टी वाजत असेल, कान दुखत असेल, आजारी माणूस आहे. मी तिथे होते. शिट्टी नव्हती.

मी रडले नाही. मशीन उचललं, झाकण उघडून ठेवलं, फुकट संपू नये म्हणून. सवय आहे.

आज सकाळी मी फॉर्म आणला. शेजारच्या काकूंनी सोबत केली, पण ऑफिसच्या खिडकीशी मीच बोलले. त्या माणसाने दोनदा विचारलं, काय? मी दोनदा सांगितलं. पालकाच्या सहीची जागा आहे. ती रिकामी चालते का असंही मी विचारलं. वय झालं असेल तर चालते, म्हणाला. मला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात. शेवटची तारीख त्याआधी आहे. म्हणजे सही लागेल.

वही जाताना पेशंटला द्यायची असते. आता तुम्ही झोपला आहात. मी ती ट्रेवर ठेवतेय, मशीनच्या शेजारी. आत फॉर्म आहे, याच पानात. वर चष्मा ठेवलाय. हे वाचायला कान लागत नाहीत. पान मिटून ठेवता येईल तुम्हाला, पण तोवर बरंच वाचून झालेलं असेल.

जेवण आत्या आणेल. मी सहाला येईन. दर दोन तासांनी कूस बदला. आता ते तुमचं तुम्हाला जमतं.